मूल दत्तक घेतल्यावर लोक सगळ्याच पालकांना सारखंच बोलतात का?

तुम्ही विचारलंय, एकट्या बाईने दत्तक घेतलं तर जोडप्यांपेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागतं का. जास्त की कमी ते सांगता येणार नाही, पण वेगळं नक्की.

मी पुण्यात एकटीने मुलगी वाढवतेय. मला लोकांनी आडून विचारलं, "नक्की दत्तकच ना?" आमच्या पालकगटात मूल न झालेली जोडपी आहेत, त्यांच्या वाट्याला कीव येते. ज्यांना आधीचं पोटचं मूल आहे त्यांना सांगतात, "इस्टेटीत वाटेकरी कशाला आणलात?" एका मुस्लिम मैत्रिणीला घरातूनच "आपल्यात चालत नाही" ऐकावं लागलं. तिच्या आधीच्या पिढीला तर कायद्याचाही आधार नव्हता. १९५६चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शिखांपुरता, बाकीच्यांना नुसतं गार्डियन म्हणून राहावं लागे. बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलं.

आपल्याकडे दत्तक काही नवं नाही. सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून बडोद्याला दत्तक गेले, त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. पण ते भावकीतले होते. लोकांना खटकते ती माहीत नसलेली जात. शेजारच्या आजींनी माझ्या लेकीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "चांगल्या घरातली दिसते हो." मनापासून, कौतुकानेच.

याच धाकाने काही बायका अजूनही पोटाला उशी बांधतात, बाळंतपणाच्या नावाखाली परगावी जाऊन राहतात. मग मुलाला एखाद्या लग्नात, नाहीतर भांडणात, तिसऱ्याच्याच तोंडून कळतं. मला याची फार चीड येते, पण त्या आईबापांची नाही येत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, एकट्या बाईला मुलगा-मुलगी दोन्ही दत्तक घेता येतं. 'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नोंदणी करण्याआधी आईवडिलांना विश्वासात घ्या. गृहभेटीला येणाऱ्या सोशल वर्कर "तुम्हाला काही झालं तर मूल कोण बघणार?" हे विचारणारच. शाळेत वडिलांच्या नावावरून अडवलं तर मी जन्मदाखला पुढे करते, दत्तक आदेश नाही. आणि "केवढं पुण्य केलंस!" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, विशेषतः मूल ऐकत असताना. आपण कोणाच्या उपकारावर वाढतोय असं मुलाला कधी वाटता कामा नये. मला मूल हवं होतं, एवढंच मी सांगते.

कागदपत्रांचं काही अडलं तर खाली विचारा.