सोलापुरातून शिकून सॅटेलाइट कम्युनिकेशन कंपनीत वरच्या पदापर्यंत जाता येतं का?

येतं. पण सुरुवात ऑफिसात होईल असं समजू नका.

माझी झाली अक्कलकोट रोडच्या एका एटीएमच्या गच्चीवर, मे महिन्यात, हातात पाना आणि कंपास. व्हीसॅटची, म्हणजे उपग्रहातून एटीएमला नेटवर्क देणारी छोटी डिश भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाकडे रोखायची, म्हणजे सुमारे ३६,००० किलोमीटरवर नेम! सोलापुरातून हे उपग्रह दक्षिणेकडे, बरेच उंच दिसतात, त्यामुळे डिश आभाळाकडे तोंड करून बसते. शेवटचा नट आवळताना ती केसभर हलली तरी मोडेमचा दिवा विझतो, की परत पहिल्यापासून. जोराच्या पावसात केयू बँड (या डिश वापरतात तो लहरींचा पट्टा) ढेपाळतो, हे पुस्तकात वाचलं होतं. बँक मॅनेजरच्या शिव्या खाल्ल्या तेव्हा कळलं.

पुढे नेटवर्क कंट्रोल रूम, मग प्रीसेल्स (विक्रीआधी ग्राहकाला तांत्रिक आराखडा करून देणं), मग विक्री. बहुतेकांची गाडी इथंच अडते, कारण वरच्या खुर्चीतलं काम तांत्रिक कमी आणि व्यवहाराचं जास्त. ट्रान्सपॉन्डरची (उपग्रहावरचं सिग्नल घेऊन परत पाठवणारं यंत्र) क्षमता किती वर्षांसाठी नि काय भावाने घ्यायची, परवाना, स्पेक्ट्रम, सरकारी फायली. २०२० मध्ये इन-स्पेस ही खासगी अंतराळ कंपन्यांना परवानगी देणारी सरकारी संस्था स्थापन झाली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आणि नवा दूरसंचार कायदा आला. हे ज्याला वाचून समजतं त्याची किंमत वाढते.

सोलापुरातल्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन) केलंत तर पाया पुरे. त्यावर आरएफ (रेडिओ लहरींचं तंत्र) पक्कं करा, लिंक बजेट, म्हणजे सिग्नल वाटेत किती घटतो नि किती उरतो याचा हिशेब, हाताने मांडता आलं पाहिजे. एमबीए नंतर बघू. आणि इंग्रजीची भीती आत्ताच घालवा, टेंडर मराठीत येत नाही हो!