तुझं विद्यापीठ कुठे आहे, ते सांगतो

चिपळूण, रविवार

प्रिय बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘मामा, हे काय कॉलेज आहे? चार मजली इमारत, खाली झेरॉक्सची दुकानं, आणि लेक्चर संपलं की वॉचमन म्हणतो निघा. याच्यासाठी मुंबईला आले का?’ लगेच फोन लावणार होतो. पण फोनवर तू ‘हो मामा, बरोबर मामा’ करून विषय मिटवतेस, म्हणून सरळ कागद घेतला.

३४ वर्षं मी मुंबईतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत काढली. दर जुलैत काउंटरच्या पलीकडे हा तुझा चेहरा मी पाहिला आहे. माटुंग्याच्या नाहीतर धोबीतलावच्या कॉलेजचं नाव मनात धरून आलेली, दोन टक्क्यांनी हुकलेली, आणि मग मिळालेल्या कॉलेजात तीन वर्षं पाहुण्यासारखी ये-जा करणारी मुलं. त्यांतली कितीतरी फार हुशार होती. आपलं विद्यापीठ कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, आणि तीन वर्षं तशीच गेली. तुझ्या बाबतीत हे व्हायला नको.

तू ज्या इमारतीत बसतेस ते कॉलेज. विद्यापीठ, म्हणजे मुंबई विद्यापीठ, त्याहून जुनं आणि फार मोठं आहे. १८ जुलै १८५७ ला ते स्थापन झालं, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. सुरुवातीला त्याचं काम परीक्षा घेणं आणि पदवी देणं, बस्स. शिकवायचं ते कॉलेजांनी. विल्सन कॉलेजची सुरुवात १८३२ ची, ग्रँट मेडिकल १८४५ चं, म्हणजे काही लेकरं आईपेक्षा वयाने मोठी! विद्यापीठाचे स्वतःचे शिकवणारे विभाग पुढे विसाव्या शतकात उभे राहत गेले. त्यामुळे एका कुंपणाच्या आत सगळं नांदतंय, असं हे विद्यापीठ कधीच नव्हतं. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अशा सात जिल्ह्यांत आठशेहून अधिक कॉलेजांत ते पसरलंय. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर आणि तुझं घाटकोपरचं कॉलेज, दोन्हींकडून मिळते ती पदवी मुंबई विद्यापीठाचीच.

मग मुंबईला कशाला आले, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. नुसत्या पदवीसाठी खरंच गरज नव्हती. पदवीच्या आजूबाजूला या शहरात जे आहे त्यासाठी तू तिथे आहेस, आणि ते कुणी घरी आणून देत नाही. जाऊन, विचारून, मागून घ्यावं लागतं.

तेव्हा पहिलं काम. येत्या शनिवारी घाटकोपरहून काकूंकडे डोंबिवलीला न जाता उलट्या दिशेची गाडी पकड. सीएसएमटीला उतर, चालत हुतात्मा चौकापर्यंत ये आणि ओव्हल मैदानाच्या बाजूने राजाबाई टॉवर बघ. टॉवर आणि त्याखालची लायब्ररी १८७८ मध्ये बांधून झाली. पैसा प्रेमचंद रायचंदांचा, नाव त्यांच्या आईचं. नकाशे काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट कधी मुंबईत आलेच नाहीत, सगळं विलायतेत बसून काढलं. शेजारी दीक्षान्त सभागृह आहे, त्याच्या गोल खिडकीच्या रंगीत काचा बघ. २०१८ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मी परळच्या चाळीत वाढलो. ओव्हलवर क्रिकेट खेळायला जायचो तेव्हा त्या टॉवरखालून शेकडो वेळा गेलो असेन. पण बी.ए. होईपर्यंत गेटच्या आत पाऊल टाकलं नाही. आत जायचं ते मोठ्या लोकांनी, असं डोक्यात पक्कं बसलेलं. मला कुणी अडवलं नव्हतं गं, मी विचारलंच नव्हतं. आता सुरक्षा कडक आहे, त्यामुळे कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात ठेव आणि गेटवर नीट सांग की मी याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे. कधी सोडतील, कधी ‘आज नाही’ म्हणतील. ‘आज नाही’ म्हणाले तर कधी येऊ ते विचारून ये.

आणि तिथे उभी राहशील तेव्हा दोन माणसं आठव. या विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी १८६२ ची. त्यात न्यायमूर्ती रानड्यांबरोबर संस्कृतचे पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आपल्या मालवणचे, रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले. पुढे ते याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. दुसरे, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे. त्यांचा जन्म परशुरामच्या घाटाखाली पेढ्यात, म्हणजे तुझ्या चिपळूणच्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ. ते विल्सनमध्ये शिकले, तेही इथले कुलगुरू झाले, १९६३ मध्ये भारतरत्न झाले. या दोघांच्या वेळी कोकणातून मुंबई म्हणजे बोटीचा प्रवास. तू दिवा गाडीने गेलीस. मुंबईत आपलं कोण आहे असं परत म्हणालीस तर मी ही दोन नावं घेईन.

आता लायब्ररी. इथे मी जरा लांबण लावणार, कारण माझं आयुष्य त्यात गेलं.

तुझ्या कॉलेजची लायब्ररी छोटी असेल, पुस्तकं काचेच्या कपाटात कुलपात असतील. असू दे. तिथल्या ग्रंथपालांना जाऊन भेट. स्लिप भरून पुस्तक घेतलं आणि गेलीस, अशी भेट नको. सर किंवा मॅडम जे कुणी असतील त्यांना सांग की मी अर्थशास्त्र घेतलंय, मला वाचायचंय, काय काय मिळतं? आमच्याकडे वर्षाला हजारभर मुलं यायची, त्यांतली असं विचारणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यासाठी मी सुट्टीतही कपाटं उघडली आहेत. तीन गोष्टी नक्की विचार. बुक बँक आहे का? असली तर अख्ख्या सत्रासाठी क्रमिक पुस्तकांचा संच घरी नेता येतो, विकत घ्यावा लागत नाही. एन-लिस्टचं लॉगिन मिळेल का? कॉलेजने त्याची वर्गणी भरलेली असली तर हजारो ई-पुस्तकं आणि नियतकालिकं तुझ्या मोबाइलवर फुकट उघडतात. हे लॉगिन कितीतरी कॉलेजांत वर्षानुवर्षं कुणी मागतच नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. आणि तिसरं, बाहेरच्या लायब्ररीसाठी शिफारसपत्र द्याल का? हे पत्र म्हणजे किल्ली समज. विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधल्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात, राजाबाई टॉवरखालच्या फोर्टच्या लायब्ररीत किंवा हॉर्निमन सर्कलच्या टाउन हॉलमध्ये, जिथे १८०४ साली स्थापन झालेली एशियाटिक सोसायटी आहे, अशा पत्रावर बोलणं सुरू होतं.

मराठी वाचायचं असेल तर दादर पूर्वेला नायगावात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ चं. माझ्या संदर्भाच्या सवयी तिथल्या टेबलांवर लागल्या. जुनी पुस्तकं विकत हवी असतील तर किंग्ज सर्कलचा फुटपाथ आणि फाउंटनचा फुटपाथ. पहिल्या पानावर आधीच्या मालकाचं नाव आणि वर्ष असतं, ते खोडू नकोस.

अभ्यासाला जागा नाही म्हणतेस. काकूंच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं, मला माहीत आहे. वरळीत एक रस्ताच आहे, लोक त्याला अभ्यास गल्ली म्हणतात. बीडीडी चाळींतल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथे रस्त्याच्या दिव्याखाली फेऱ्या मारत पाठांतर केलं. तुला रस्त्यावर बस म्हणत नाही. पण कॉलेजची रीडिंग रूम लेक्चर संपल्यावर किती वाजेपर्यंत उघडी असते ते वॉचमनला विचारू नकोस, ऑफिसात विचार. आणि डोंबिवलीत अभ्यासिका आहेत, महिन्याची फी भरून खुर्ची मिळते. त्या फीचं माझ्याकडे लागलं.

कलिना कॅम्पसला एकदा तरी जा. कुर्ला पश्चिमेहून बस मिळते. विद्यापीठाचे बहुतेक पदव्युत्तर विभाग तिथे आहेत, परीक्षा भवन तिथे आहे, लोककला अकादमी आणि नाट्यशास्त्राचा विभागही तिथे. एम.ए. करायचं की नाही हे आज ठरवू नकोस. पण विभागांत व्याख्यानं होतात, नोटीस बोर्डवर कागद लागतो, आणि मागच्या रांगेत बसून ऐकणाऱ्या मुलीला सहसा कुणी उठवत नाही.

तुमच्या नव्या अभ्यासक्रमात मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि क्रेडिट असं बरंच काही आहे. एकच सांगतो. मैत्रिणीने घेतला म्हणून मायनर, म्हणजे जोडविषय, घेऊ नकोस. तुझं गणित बरं आहे, संख्याशास्त्र मिळत असेल तर ते घे. अर्थशास्त्राला ते पुढे फार उपयोगी पडतं.

कार्यक्रमांचं म्हणशील तर कँटीन आणि फेस्टिव्हल तुझं तू शोधशीलच, तिथे माझी गरज नाही. पण एक कुठलीतरी मंडळी धर. एन.एस.एस. असेल, विद्यापीठाचा युवा महोत्सव असेल, एकांकिकेचा ग्रुप असेल. मुंबईतल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका हे वेगळंच जग आहे. सगळ्यांना काही रंगमंचावर उभं राहायचं नसतं. कुणी लाइट्स करतं, कुणी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळतं, कुणी रात्री तालमीनंतर मुलींना स्टेशनपर्यंत सोडायची जबाबदारी घेतं. तिथे मराठी, गुजराती, मालवणी, हिंदी बोलणारी पोरं एका वडापाववर भांडतात आणि आयुष्यभराची होतात. एन.एस.एस.चं सात दिवसांचं निवासी शिबिर लागलं तर आई नको म्हणेल. मला सांग, मी बोलतो तिच्याशी.

परीक्षेचं मात्र नीट ऐक. माझ्या समोर एक मुलगी रडत बसली होती, निकालात एका विषयाला गैरहजर दाखवलेली. पेपर तर तिने दिला होता. तिने दर पेपरला उत्तरपत्रिकेवरचा नंबर वहीत लिहून ठेवला होता आणि हॉल तिकीट जपून ठेवलं होतं, म्हणून दीड महिन्याच्या खेपांनंतर गुण मिळाले. दुसऱ्या एका मुलाकडे यांतलं काही नव्हतं, त्याचं वर्ष गेलं. तर हॉल तिकीट, फीच्या पावत्या आणि गुणपत्रिका एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आणि प्रत्येकाचा फोटो फोनमध्ये. निकाल लागला की उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीच्या आणि पुनर्मूल्यांकनाच्या तारखा त्याच दिवशी बघ, मुदत थोडीच असते. आणि के.टी. लागलीच, म्हणजे एखादा विषय राहिलाच, तर लपवू नकोस. के.टी. लागलेली किती मुलं पुढे चांगली उभी राहिली ते मी पाहिलंय. लपवणारी मात्र एकटी पडतात.

शेवटचा विषय पैशांचा. हे तुझ्या आईलाही मी कधी सांगितलेलं नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी बारावीत होतो. पुढच्या वर्षी आमच्या बाबांची गिरणी उघडलीच नाही. कॉलेजच्या बोर्डावर फी सवलतीची नोटीस लागली होती. मी ती दोनदा वाचली. ऑफिससमोर माझ्याच वर्गातली मुलं उभी होती, त्यांच्यासमोर अर्ज मागायची लाज वाटली आणि मी निघून आलो. आईने पाटल्या गहाण ठेवून फी भरली. त्या पाटल्या परत आल्या नाहीत. तुझी आजी त्यावर एक शब्द कधी बोलली नाही, म्हणून ते अजून जास्त टोचतं.

तू हे करायचं नाहीस. शिष्यवृत्ती ही कुणाची मेहरबानी नाही, ती तुझ्यासारख्यांसाठीच बाजूला ठेवलेली असते. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर असतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, घरापासून लांब राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने निर्वाह भत्त्याची योजना आहे. कुठली तुला लागू होते ते कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या क्लार्कना समोर बसून विचार. एकदा ‘उद्या या’ म्हणतील, दोनदा म्हणतील. तिसऱ्या दिवशी पुन्हा जा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, ते आधी तपास, कितीतरी अर्ज तिथेच अडकतात. आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं असतं, विसरलीस की गेलं. रेल्वेच्या पाससाठी सवलतीचा फॉर्मही कॉलेजच देतं. तू पूर्ण भाड्याचा पास काढलास असं कळलं. पुढच्या वेळी असं करू नकोस.

उत्पन्नाचा दाखला इथून काढावा लागेल. उद्या सकाळी तुझ्या वडिलांना घेऊन मी तहसील कार्यालयात जातोय. मिळाला की त्याच संध्याकाळी फोटो पाठवतो, मूळ प्रत गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा. तोपर्यंत रहिवासी दाखला आणि बारावीची गुणपत्रिका स्कॅन करून ठेव. शनिवारी राजाबाई टॉवरखाली पोचलीस की मला फोन कर, मी अंगणात असेन, तिथेच रेंज येते.

तुझा,
मामा