नागपूरहून एका दिवसात सारस बघून येता येईल का? घरट्याचा फोटो मिळेल अशी जागा कोणती?

सारस गोंदिया जिल्ह्यात आहे, अडीच-तीन तासांवर. घरट्याची जागा मी कुणालाच सांगत नाही.

माझे मामाजी तिकडे धान करतात. एका पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला आणि तलावाखालच्या त्यांच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, सारसाच्या जोडीने घरटं मांडलं. घरट्यासाठी सारस आजूबाजूचं धान उपटतो, म्हणजे तेवढा तुकडा गेलाच. मामाजींनी त्या बांधीतलं निंदणही थांबवलं. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर बसत. माझा एक मित्र बातमी कळताच कॅमेरा घेऊन आला आणि धुरा (शेताचा बांध) सोडून थेट चिखलात उतरला. पाखरू उठलं, तरी हा तिथेच उभा. मामाजी धावत आले, "बाहेर निघा भाऊ, कावळे टपून आहेत." तोवर एक अंडं फुटलं होतं. यावर मित्र म्हणतो काय, तर सरकारने कुंपण घालून अभयारण्य करावं! आजही तेच म्हणतो.

साफ चूक. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प हवाच, पण इथला सारस जगतो तो मुख्यतः धानाच्या बांध्यांत आणि मामा म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर. कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव गाव राखत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ, बेशरम नावाची तणासारखी वनस्पती वाढत गेली. ढिवरांना, म्हणजे इथल्या मासेमारांना, विचारा, पाण्यातली कोणती वनस्पती गेली की कोणते पक्षी येणं थांबतं ते नेमकं सांगतील. कुंपणाने गाळ निघत नाही, शेतातलं कीटकनाशक कमी होत नाही, की विजेच्या तारेला धडकून मरणारा सारस वाचत नाही.

सगळेच शेतकरी मामाजींसारखे नसतात, हेही खरं. धान जातं म्हणून काही जण घरटं मोडतात. त्यांना नुकसानीचे पैसे वेळेत मिळायला हवेत.

तुम्ही पावसाळ्यात येऊच नका. डिसेंबर-जानेवारीत साकोली, कोहमारा करत नवेगावबांधला जा. तलवार बदक, थापट्या ही बदकं बघायला मिळतील, नशीब असेल तर आसपासच्या शेतात सारसही. तलावाची पाळ (बांध) सोडून खाली उतरू नका. फक्त पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) बघायचे असतील तर इतकं लांब कशाला, उमरेडकडचा पारडगाव तलाव बघा. नवेगावला मात्र सकाळी पोचायचं तर नागपूर चारलाच सोडा.