नवोदयची तयारी : फुकटचा तास कुणाच्या वाट्याला?

यावेळी आलेली जवळजवळ सगळी पत्रं नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेश परीक्षेबद्दल आहेत.

प्रश्न : मुलगी भोर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. वर्गातली बरीच मुलं क्लासला जातात, आम्हाला ते परवडत नाही. घरच्या घरी तयारी होईल का?

होईल. पेपर दोन तासांचा, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 40 प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, मानसिक क्षमतेचे (बुद्धिमत्तेचे). उरलेले 20 गणिताचे, 20 भाषेचे, आणि पेपर मराठीतून देता येतो. बुद्धिमत्तेचे प्रश्न हुशारीपेक्षा ओळखीनं सुटतात. कागदाची घडी घालून भोक पाडलं, घडी उघडल्यावर काय दिसेल? हे पहिल्यांदा बघणारं मूल गांगरतं, दहाव्यांदा बघणारं पटकन खूण करून पुढे जातं. क्लासवाले पैसे घेतात ते बहुतांशी या ओळखीचे, आणि ती रद्दी, कात्री, आरसा आणि शाळेतून मिळालेल्या जुन्या प्रश्नपत्रिका यांवर भागते. उत्तरपत्रिकेवर गोल भरण्याचा सराव मात्र नक्की घ्या. उत्तर बरोबर, पण गोल भरला पुढच्या प्रश्नाचा, असे गुण जाताना मी फार पाहिलेत. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. ग्रामीण कोट्यासाठी मुलाचं नाव गावच्या शाळेत घातलं तर?

किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या आहेत, म्हणून हा मोह होतो. पण तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण शाळेत झालेली लागतात. त्यात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेला, तरी मूल शहरी धरलं जातं. आणि हजेरीपट कोथरूडमधून कसा भरणार? शिक्रापूरच्या आपल्या पुणे जिल्ह्याच्या विद्यालयात सहावीला जागा जास्तीत जास्त 80. तुमचा मुलगा घेईल ती जागा वेल्ह्याच्या किंवा आंबेगावच्या एखाद्या पोराची असेल. माझा सल्ला : नको.

प्रश्न : मी शिक्षक आहे. शाळेआधी फुकट जादा तास घेतो. पण येतात ती जाणत्या घरची मुलं. ज्यांच्यासाठी तास सुरू केला ती फिरकतच नाहीत.

सर, हे दुखणं एकट्या तुमच्या शाळेचं नाही. न्यूयॉर्कमध्ये स्टायव्हेसंट ही सरकारी शाळा एकाच परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देते. तिथलं शहर गरीब मुलांसाठी फुकट तयारीवर्ग चालवतं. तरी 2019 साली निवड झालेल्या 895 मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुलं होती 7. फी माफ केली म्हणजे अडचण संपली असं होत नाही.

तुमचा तास सकाळी आहे ना? त्या वेळी एखादी मुलगी धाकट्या भावाला सांभाळत असते, एखादा धारेला बसलेला असतो. तास शाळेच्या वेळेतच बसवा, मधल्या सुट्टीला लागून अर्धा तास का होईना. आणि सगळ्या वर्गाला बसवा, निवडक दहा जणांना नको. कोण चमकेल हे आधी ओळखता येतं, हा आपल्या शिक्षकांचा जुना भ्रम आहे. माझाही होता.

तयारीच्या आधी फॉर्म येतो. तो ऑनलाइन असतो, फुकट असतो, आणि तरी कितीतरी घरी पोचतच नाही. मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा पाचवीतल्या प्रत्येक पात्र मुलाचा फॉर्म शाळेनंच भरावा. ऊसतोडीच्या मुलांचं तर वेगळंच. फॉर्म पावसाळ्यात बीडकडच्या गावी भरलेला, दिवाळीनंतर कुटुंब शिरूर-दौंडच्या फडात, आणि परीक्षेचं केंद्र पुन्हा बीडला. त्या मुलाला सराव संचाआधी येण्याजाण्याचं एसटीचं तिकीट हवं. ते कोण काढणार?

प्रश्न : नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसवू का?

सहावीसाठी दुसरी संधी नाही. नववीसाठी रिकाम्या जागांवर वेगळी परीक्षा होते. त्याआधी आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. ती सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे; नवोदयची मुलं तिला बसू शकत नाहीत. सरावाची वही फेकू नका, बुद्धिमत्तेचा पेपर तिथेही असतो.