तुमचा पाव

मनू,

काल जेवताना तू म्हणालीस, "शाळेत सेन्सेई म्हणाल्या, ब्रेडला म्हणतात तो पान हा शब्द पोर्तुगीजांकडून जपानीत आला. म्हणजे तुमचा पावपण त्यांचाच. आई, आपलं स्वतःचं असं काही आहे का गं?" मी "आधी जेव" म्हणून विषय तोडला. खरं सांगू? लागलं मला. पाव त्यांचा निघाला त्यापेक्षा तो 'तुमचा' झाला, ते जास्त लागलं.

बाकी तुझं बरोबरच आहे. लॅटिनमधला 'पानिस' पोर्तुगीजांच्या तोंडी नाकातला 'पाँव' झाला. त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५४३ मध्ये ते जपानला पोचले. इकडे जपानात तो पान झाला, तिकडे आपल्याकडे पाव. गोव्यात पाववाल्याला अजून पोदेर म्हणतात, तोही त्यांच्याच 'पादेइरो'वरून. वसईचा किल्ला चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये घेतला, पण पाव काही गेला नाही.

वसईच्या आपल्या घरात मात्र तो ओटीपर्यंतच यायचा. सकाळी पाववाल्याच्या सायकलचा भोंपू वाजला की आजोबा लादी घ्यायचे आणि आम्ही भावंडं ओटीवरच चहात बुडवून खायचो. आजीच्या स्वयंपाकघरात त्याला मज्जाव. ती म्हणायची, पायाने तुडवतात म्हणून पाव! शिवाय विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट होतीच. ती सांगताना तिचा आवाज असा खाली यायचा की वाटावं, परवाच घडलंय. आणि एकादशीला हीच आजी तुपातली बटाट्याची भाजी खायची. बटाटासुद्धा पोर्तुगीजांनीच आणलेला, नावासकट. हे तिला सांगायची माझी कधी छाती झाली नाही.

शेजारच्या ख्रिस्ती घरातली माझी मैत्रीण आली की आजी तिला वेगळ्या पेल्यात पाणी द्यायची. हे तुला सांगावं की नाही, ठरत नव्हतं. पण नुसता भोंपू आणि चहा सांगितला असता तर अर्धंच सांगितल्यासारखं झालं असतं.

सात वर्षांची असताना मला टायफॉइड झाला. बरीच लंघनं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता दूध-पाव द्या. घरात त्या वेळी आजीच होती. तिने चिमट्याने पाव उचलून बशीत ठेवला, पण कुस्करायला शेवटी हातच लागला. वरचा तांबूस पापुद्रा काढून टाकला, साईसकट दूध ओतलं, साखर घातली आणि चमच्याने भरवलं. मी सगळं संपवल्यावर देव्हाऱ्याकडे बघून म्हणाली, "पावली गं बाई." मला वाटलं, पावाचेच आभार मानतेय! देव पावतो त्यातला पाव संस्कृत 'प्राप्'वरून आला, पावशेरातला 'पाद'वरून आणि बशीतला लिस्बनचा, हे कळायला पुढे कॉलेज उजाडलं. भरवून झाल्यावर आजीने परत आंघोळ केली, तेही आठवतंय.

म्हणून 'आपलं काय' याचं उत्तर मला धड देता येत नाही. आजीला विचारलं असतंस तर तिने पाव सोडून सगळं सांगितलं असतं. मला मात्र घर म्हटलं की आधी तो भोंपूच ऐकू येतो. तुला काय ऐकू येईल, ते मी कशी ठरवणार?

शनिवारी वडे करायचं मनात आहे. स्टेशनाजवळच्या बेकरीतून गोल, बिनगोडाचे सहा आणशील? नुसता वडा खायचा असेल तरी चालेल, आग्रह नाही. त्याला पान म्हण नाहीतर पाव. फक्त आत्याला फोनवर 'आईने पान दिलं' असं सांगू नकोस. मागच्या वेळी तिला विडा वाटला होता आणि मला अर्धा तास बोलणी खावी लागली.

आई