लंडनचं चित्र प्वेर्तो रिकोत कसं गेलं, आणि त्याचा अभ्यास कसा करायचा?

प्रश्न: बीएफएच्या तिसऱ्या वर्षाला आहे. व्हिक्टोरियन काळातलं एक चित्र निवडून प्रकल्प लिहायचा आहे. मी फ्रेडरिक लेटनचं 'फ्लेमिंग जून' घेतलं आहे, केशरी वस्त्रातली झोपलेली बाई आहे ते. नेटवर सगळीकडे तेच चार परिच्छेद सापडतात. सुरुवात कुठून करू? आणि इंग्रज चित्रकाराचं एवढं नावाजलेलं चित्र प्वेर्तो रिकोत कसं?

उत्तर:

निवड फार चांगली केलीत. ते चार परिच्छेद मात्र आठवडाभर बाजूला ठेवा. आधी चित्र बघा, मग वाचा. वाचून बघायला गेलं की वाचलेलंच दिसतं.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आता निवृत्त आहे. हे चित्र मी वर्षानुवर्षं पोस्टकार्डाएवढ्या छपाईत पाहत आलो. २०२४ मध्ये मुलीकडे लंडनला गेलो, तेव्हा ते तिथल्या रॉयल अकादमी या कलासंस्थेत पाहुणं म्हणून आलेलं होतं. दालनाला तिकीट नव्हतं, त्यामुळे तीनदा जाऊन उभा राहिलो. कॅनव्हास जवळजवळ चौरस, बाजू साधारण १२० सेंटिमीटर. छपाईत केशरी रंग एकसारखा सपाट दिसतो, तो प्रत्यक्षात तसा नाहीच. चुणीच्या कडेला तो पिवळ्याकडे झुकतो, खोलगट जागी शेंदरी होतो आणि जिथे वस्त्र अंगाला चिकटलंय तिथे खालची कातडी झिरपून वर येते.

आता तुम्ही घरी करू शकाल असं काम. चांगल्या प्रतीची ए-फोर प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त वस्त्राच्या चुण्या उतरवा. चेहरा, हात, समुद्र काहीही घेऊ नका. तासाभरात लक्षात येईल की बहुतेक रेषा एकाच गोलाईत फिरतायत, शंखाच्या वेटोळ्यासारख्या. झोपलेल्या बाईचं डोकं, दुमडलेला हात, पुढे आलेली भलीमोठी मांडी, खाली वाकवलेलं अनवाणी पाऊल, सगळं त्या वेटोळ्यात बसवलंय. चौरसात वर्तुळ, एवढीच रचना. तिच्यामागे वरच्या बाजूला उन्हात चकाकणारी समुद्राची पट्टी आडवी गेली आहे. ती आडवी रेघ बोटाने झाकून बघा. सगळी आकृती गरगरायला लागते.

दुसरं काम माझ्या मुलीने केलं. तिला म्हटलं, चित्रातल्या बाईसारखी बस. चार मिनिटांत तिच्या पायाला मुंग्या आल्या. अशा अवस्थेत कुणाला गाढ झोप लागणं कठीण, शिवाय मांडी जरुरीपेक्षा बरीच लांब काढली आहे. म्हणजे ही झोप रचलेली आहे. पण ती खोटी वाटत नाही, आणि ते का, हा तुमच्या प्रकल्पाचा खरा प्रश्न होऊ शकतो.

उत्तराचा एक धागा लेटनच्या कामाच्या पद्धतीत सापडतो. आधी तो बसण्या-झोपण्याच्या कल्पनांची छोटी रेखाटनं करायचा. मग नग्न मॉडेलवरून अभ्यास, मग त्याच मुद्रेवर कापड रचून ड्रेपरीचा वेगळा अभ्यास, रंगांचं एक लहान स्केच. आणि कॅनव्हासवरसुद्धा आधी नग्न आकृती एका रंगात पक्की करून तिच्यावर वस्त्र चढवायचा. आपल्याकडे इंटरमिजिएटपासून पुढे सगळं तुकड्यातुकड्याने शिकतो, ड्रेपरी वेगळी, लाइफ (समोरच्या मॉडेलवरून काढलेली आकृती) वेगळं. इथे ते दोन्ही एकावर एक बसवलेलं दिसतं. केशरी वस्त्राखाली गुडघा कुठे आहे हे डोळ्यांना शोधावं लागत नाही, कारण चित्रकाराने तो आधी खरंच काढलेला आहे.

मुद्रेबद्दल लेटनचं म्हणणं होतं की दमलेली मॉडेल सहज तशी कलंडली आणि त्यातून कल्पना सुचली. अभ्यासक बोट दाखवतात मायकेलँजेलोच्या 'रात्र' या शिल्पाकडे. फ्लॉरेन्सला सान लोरेंझोमध्ये मेदिची घराण्याच्या समाधीवर ते आहे: तशीच उचललेली मांडी, तशीच झुकलेली मान. मला दोन्ही पटतं. मॉडेल कलंडली असेलच, पण ज्याच्या डोळ्यांत आधीच मायकेलँजेलो मुरलेला होता त्यालाच ते कलंडणं दिसलं. चेहरा कोणाचा, यावर लोक भरपूर शाई खर्च करतात. डोरोथी डीन ही लेटनची आवडती मॉडेल, तिचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं. मी त्यावर एका वाक्यापेक्षा जास्त जागा देणार नाही.

वरच्या कोपऱ्यात एक फुललेली फांदी आहे. ती कण्हेर. इंग्रज लेखकांना ती विषारी असते हे मुद्दाम समजावून सांगावं लागतं, आपल्याला लहानपणीच 'ते तोंडात घालू नकोस' म्हणून सांगितलेलं असतं. भूमध्य समुद्राच्या काठाने ती मुबलक वाढते, त्यामुळे ती दृश्यात सहज शोभते. पण बेशुद्धीइतक्या गाढ झोपेशेजारी ती ठेवली की झोप आणि मरण यांतलं अंतर कमी होतं. नावातला जूनही आपल्या कानाला फसवतो. आपला जून मृगाचा, पावसाचा. हा दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचा जून आहे, आपल्या वैशाखासारखा. तिच्या गालावर आलेली लाली त्या उन्हाची.

मरणाचा धागा चित्रकाराच्या आयुष्यातही आहे. लेटन १८७८ पासून रॉयल अकादमीचा अध्यक्ष होता. हे चित्र १८९५ च्या उन्हाळी प्रदर्शनात लागलं, तेव्हा हृदयविकाराने त्याला जेरीला आणलं होतं. २४ जानेवारी १८९६ ला त्याला बॅरनची पदवी मिळाली आणि २५ ला तो गेला. वारस नव्हता, त्यामुळे ती पदवी एका दिवसाची ठरली. चित्र 'द ग्राफिक' या साप्ताहिकाने विकत घेऊन त्याची छपाई वाचकांना दिली होती. सेंट पॉल्सकडे अंत्ययात्रा निघाली, तेव्हा स्ट्रँडवरच्या कचेरीच्या खिडकीत त्यांनी हेच चित्र लावलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते तो पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण चित्र कुठे कुठे राहिलं यावरून त्याच्याकडे लोक काय म्हणून बघत होते ते कळतं. पुढे काही वर्षं ते ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात उसनं होतं. नंतर दिसेनासंच झालं. विसाव्या शतकात व्हिक्टोरियन चित्रांची किंमत पार उतरली. गोड, गुळगुळीत, जुनाट म्हणून आधुनिक कलेच्या लोकांनी ती मोडीत काढली. १९६० च्या सुमारास ते लंडनच्या बॅटर्सी भागातल्या एका घरात, शेकोटीवरच्या फळीमागे बंद केलेलं सापडलं असं सांगतात. संगीतकार अँड्र्यू लॉईड वेबर सांगतो की त्याने पोरवयात ते किंग्ज रोडवरच्या एका दुकानात ५० पौंडांना पाहिलं, आजीकडे पैसे मागितले, आणि आजीने असली व्हिक्टोरियन अडगळ घरात नको म्हणून नकार दिला.

शेवटी ते लंडनच्याच मेफेअरमधल्या जेरेमी मास या चित्रविक्रेत्याकडे आलं. १९६३ मध्ये तिथे लुईस फेरे आले. शिक्षणाने इंजिनिअर, सिमेंटच्या धंद्यातले, पुढे प्वेर्तो रिकोचे गव्हर्नर झाले. पोन्से या आपल्या गावासाठी ते संग्रहालय उभारत होते आणि ज्यूलियस हेल्ड या कला-इतिहासकाराच्या सल्ल्याने युरोपभर चित्रं गोळा करत होते. मोठ्या नावांच्या चित्रांना लागणारा पैसा त्यांच्याकडे नव्हता, पण पडेल भावात जाणाऱ्या चित्रांसाठी नजर होती. 'फ्लेमिंग जून' त्यांना सुमारे २,००० पौंडांत मिळालं. त्याच वर्षी बर्न-जोन्स या दुसऱ्या व्हिक्टोरियन चित्रकाराचं 'आर्थरची ॲव्हलॉनमधली शेवटची झोप' हे साडेसहा मीटर लांबीचं चित्रही त्यांनी घेतलं. इंग्लंडमध्ये तेव्हा त्यालाही घर मिळत नव्हतं. दोन झोपा एका कॅरिबियन गावात गेल्या, हा योग मला फार हलवून जातो.

पोन्सेच्या संग्रहालयाची १९६५ ची इमारत एडवर्ड ड्युरेल स्टोन या वास्तुविशारदाची आहे. आतली दालनं षट्कोनी, नैसर्गिक उजेडाची. समुद्र आणि केशरी ऊन अंगणात असलेल्या गावाने हे चित्र आपलं मानलं, तिथल्या मुलांना ते पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं ओळखीचं आहे. ७ जानेवारी २०२० च्या भूकंपात इमारतीला इजा झाली, संग्रहालय बंद ठेवावं लागलं, आणि त्यामुळेच चित्र आधी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि मग लंडनला राहायला आलं. माझं भाग्य त्या गावाच्या संकटातून आलं, हे तिथे उभा असताना सारखं मनात होतं.

प्रकल्पासाठी आणखी दोन गोष्टी शोधा. एक, लंडनच्या हॉलंड पार्कमधलं लेटनचं घर, आता तेही संग्रहालय आहे. खाली दमास्कसच्या फरशांनी मढवलेला अरबी दिवाणखाना, वर उत्तरेकडे मोठी खिडकी असलेला स्टुडिओ, आणि एवढ्या मोठ्या घरात झोपायची खोली एकच, ती पण साधी. १८९५ मध्ये तिथे काढलेल्या एका फोटोत त्या वर्षीच्या प्रदर्शनाची चित्रं ईझलवर मांडलेली दिसतात. २०१६ मध्ये 'फ्लेमिंग जून' काही महिने त्याच घरात परत ठेवलं होतं. दोन, डोक्याचं मूळ रेखाटन. ते सरेतल्या वेस्ट हॉर्सली प्लेस या जुन्या वाड्यात एका दाराच्या मागे टांगलेलं होतं. घराची नवी मालकी आल्यावर सामान बघताना सापडलं आणि २०१५ मध्ये लिलावात गेलं. त्याचा फोटो सापडेल. तो रंगीत चित्राशेजारी ठेवून फक्त पापण्या आणि मिटलेले ओठ यांची तुलना करा.

ट्रेसिंग झालं की पाठीची रेषा कुठून निघून कुठे मिळाली, ते खाली लिहा. माझी मानेपाशी तुटली होती, तुमची जुळते का बघायचं आहे.