आधी त्या कडीला तेल घाला

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. मुलगी पाच महिन्यांची, सिझर झालंय, वजन नऊ किलो जास्त आणि गेल्या दोन महिन्यांत तू तीनदा नव्याने सुरुवात केलीस, पहाटे पाचला उठून चालणं, भात बंद, साखर बंद, मोबाईलवर स्टेप्स. तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं बारगळलं. "माझ्यात इच्छाशक्तीच उरली नाही" असं लिहिलंयस. आणि मध्येच कुठेतरी, कंसात, एक ओळ आहे की रात्री आठनंतर मी पाणी पीत नाही, कारण मग बाथरूमला जावं लागतं, कडी फार वाजते, बाळ उठतं आणि हॉलमध्ये झोपलेले सासरेपण.

अगं बाई, पत्र इथूनच सुरू करायचं ना!

रात्रीतून तीन-चारदा पाजतेस म्हणतेस. बाळ लागलं की घशाला कशी कोरड पडते ते पाजलेल्या प्रत्येक बाईला माहितीये, आईच्या दुधात 87 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, ते कुठून यायचं? आणि तू ओठ चाटत सकाळपर्यंत पडून राहतेस, लागली तरी धरून. मग पोट साफ होत नाही, आणि पोट साफ होत नाही म्हणून लोहाच्या गोळ्या सोडल्यास, हेही जाता जाताच लिहिलंयस. त्या बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, सरकारी दवाखान्यातसुद्धा तेवढ्या देतात. आता जिना चढताना दम लागतो म्हणतेस. तहानलेल्या, दमलेल्या, लघवी दाबून झोपलेल्या बाईला पहाटे पाचला उठवत नाही यात इच्छाशक्तीचा काय संबंध, सांग मला!

सासूबाई म्हणतात बाळंतिणीने जास्त पाणी प्यायलं की पोट सुटतं. जुनी समजूत आहे, कित्येक घरांत आहे, ती सोडून दे.

आणि तुझा नवरा. "खूप समजूतदार आहेत, सुतार बोलावतो म्हणालेत." कधी म्हणाला? बारशाच्या सुमाराला. म्हणजे चार महिने झाले! मला नाही बाई कौतुक करवत. बायको तहान मारून झोपते आणि याला एका कडीसाठी सुतार मिळत नाही? सासऱ्यांची झोपही तूच रात्रभर सांभाळायचीस का? ते उठले तर उठले, परत झोपतील.

आज तो घरी आला की चहाच्या आधी त्याच्या हातात खोबरेल तेलाची बाटली दे. कडीला आणि बिजागरीला, दोन्हीला तेल. तरी वाजली तर पान्याने काढून टाक म्हणावं, रात्री दार नुसतं लोटून घ्यायचं, आतला दिवा दिसला की कोणीतरी आत आहे हे घरच्यांना कळतं. हे काम तू करायचं नाहीस, स्टुलावर चढायचं नाहीस, त्यानेच करायचं आणि आजच.

मग उशाशी तांब्या भरून ठेव, वर भांडं पालथं. पाजायला बसलीस की भांडं तोंडाला लाव, लागली की उठ, सरळ उठ.

भातही परत सुरू कर. पहिले सहा महिने पाजणाऱ्या बाईला रोज 600 च्या आसपास कॅलरी जास्त लागतात आणि तू स्वतःच्याच ताटातला घास काढून घेतलास, वाचून इतकं वाईट वाटलं मला. याच आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, तपासून घे, गोळ्या सोडल्याचं खरं खरं सांग, पोटाला सोसेल अशी दुसरी देतात. लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप वाटत असेल तर आठवडा वगैरे नाही, त्याच दिवशी जायचं.

चालण्याचं महिन्याभराने बघू. तेव्हा पत्र नक्की लिही, आणि या वेळी पहिल्या ओळीत सांग, कडी अजून वाजते का.